वाचनालयासाठी भारतरत्नाचा भित्तिफलक कसा तयार करावा

नागपुरातील एखाद्या वाचनालयात भारतरत्नाविषयी भित्तिफलक लावायचा असल्यास आरंभ २ जानेवारी १९५४ या स्थापनेच्या तारखेने करावा आणि त्याखाली चक्रवर्ती राजगोपालाचारी, सर्वपल्ली राधाकृष्णन व चंद्रशेखर वेंकट रामन या पहिल्या तीन मानकऱ्यांची नावे द्यावीत. रामन यांच्या छायाचित्राला मोठी जागा ठेवावी, कारण वित्त खात्यात नोकरीस असताना ते काही काळ नागपुरात होते, आणि आपल्याकडचा वाचक तिथे हमखास थांबेल. १९५८ चे मानकरी धोंडो केशव कर्वे सुटता कामा नयेत. पदकाचे चित्र मात्र पारखून घ्यावे. मूळ योजनेत ते ३५ मिलिमीटर व्यासाचे गोल सुवर्णपदक होते, पिंपळपानाचा आकार नंतर आला. नावाआधी ‘भारतरत्न’ ही पदवीसारखी लावू नये, ‘भारतरत्नाने सन्मानित’ असे लिहावे.