बरगंडीची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

बरगंडीची वाइन महाग असते, थोडीच निघते आणि तिचं लेबल लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याची पर्वा केलेली नसते. द्राक्षाचं नावसुद्धा बहुतेक वेळा नसतं. लाल म्हणजे पिनो न्वार, पांढरी म्हणजे शार्दोने, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं गृहीत धरलेलं असतं. मी फ्रान्समध्ये, बरगंडीतल्या दिजाँ शहरात राहतो. इथून दक्षिणेकडे बोनच्या पलीकडे सांतनेपर्यंत जी उताराची चिंचोळी पट्टी जाते, तिला कोत दोर म्हणतात, आणि जगभर ज्या बरगंडीच्या नावाने उसासे टाकले जातात ती बहुतेक याच पट्टीतली. त्यामुळे पुण्या-मुंबईहून पॅरिसला आलेली मंडळी रेल्वेने दीड-दोन तासांत माझ्याकडे येतात आणि 'संध्याकाळच्या गाडीच्या आत बरगंडी समजावून सांग' म्हणतात. समजावतो. मग तीच मंडळी परत जाऊन त्याच चुका करतात. म्हणून हे लिहून ठेवतोय.

गावाचं नाव वाचून हुरळून जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

एकोणिसाव्या शतकात इथल्या गावांनी एक चलाखी केली. आपल्या शिवारातल्या सगळ्यात नावाजलेल्या मळ्याचं नाव गावाच्या नावाला जोडून घेतलं. जव्रे गावाने १८४७ मध्ये शांबर्तँ जोडलं आणि ते जव्रे-शांबर्तँ झालं. मग बाकीच्यांनाही सुचलं. १८७८ मध्ये शांबोलचं शांबोल-म्युझिनी झालं. मोंराशेचा मळा तर दोन गावांच्या हद्दीवर आहे, त्यामुळे १८७९ मध्ये प्युलिन्यी आणि शासान्य या दोघांनीही मोंराशे लावून टाकलं. भांडण नको.

परिणाम असा, की शांबर्तँ हा एक ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा मळा आहे आणि जव्रे-शांबर्तँ हे अख्खं गाव. गावाच्या नावाची वाइन उत्तम असू शकते, मी ती आनंदाने पितो. पण ती शांबर्तँ नव्हे, आणि किमतीत कित्येक पटींचा फरक असतो.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ ऑफिसच्या कामाने इथे आले होते. साहेबांसाठी बाटली हवी होती. नेपोलियनला शांबर्तँ प्रिय होती हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा, बरोबर येतो. थांबायला वेळ कुणाला? स्टेशनाजवळच्या दुकानातून त्यांनी एक जव्रे-शांबर्तँ उचलली आणि पुण्याला जाऊन साहेबांच्या घरच्या जेवणात 'ही नेपोलियनची वाइन' म्हणून सगळ्यांसमोर ठेवली. टेबलावर साहेबांचे व्याही होते, वाइनमध्ये मुरलेले. त्यांनी बाटली फिरवून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "नेपोलियन गावात राहायचा का?" गृहस्थांनी रात्री मला फोन करून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. दुकानदाराचा काय दोष? लेबलवर जे होतं तेच त्याने विकलं होतं.

आता यावर लोक लगेच युक्ती शोधतात: छोटं नाव म्हणजे मोठी वाइन, जोडनाव म्हणजे गावची. चालत नाही. शार्म-शांबर्तँ, शापेल-शांबर्तँ, लात्रिसिएर-शांबर्तँ ही जोडनावं आहेत आणि तिन्ही ग्राँ क्रू आहेत. शांबर्तँ धरून जव्रेत एकूण नऊ ग्राँ क्रू आहेत. त्यात 'शार्म' हे नाव मर्सो गावातही आहे आणि शांबोलमध्येही, पण तिथे ते प्रमिए क्रू, म्हणजे एक पायरी खाली. त्यामुळे पाठ करायची युक्ती सोडा आणि बारीक अक्षरातली 'आपेलासियों' ची, म्हणजे वाइन कायद्याने कुठली ते सांगणारी ओळ वाचा. ग्राँ क्रू असेल तर तिथे मळ्याचं नाव येतं, गावाचं नाही. प्रमिए क्रू असेल तर गावाचं नाव आणि 'प्रमिए क्रू' हे शब्द. नुसतं गाव असेल तर गावची वाइन, आणि नुसतं 'बुर्गोन्य' असेल तर प्रांताची. ग्राँ क्रू एकूण उत्पादनात शेकडा एक-दोनच असतात, तेव्हा हाताला सहज लागलेली बाटली ती नसणार, हे धरून चाला. आणि 'ग्राँ व्हॅं द बुर्गोन्य' असं सोनेरी अक्षरात छापलेलं दिसलं तर त्याला कायद्याने काहीही अर्थ नाही. ते सजावटीत मोडतं.

मळा बघितला, पण पिकवणारा बघितला नाही

बोर्दो या फ्रान्समधल्या दुसऱ्या वाइन-प्रांताची सवय असलेले इथे हमखास अडकतात. बोर्दोत १८५५ च्या यादीत दर्जा शातोला, म्हणजे इस्टेटीला दिला गेला. बरगंडीत दर्जा जमिनीच्या तुकड्याला आहे. त्याला इथे क्लिमा म्हणतात, आणि हे क्लिमा २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पण जमीन एक असली तरी मालक अनेक.

क्लो द वुजो घ्या. सीतो मठाच्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी मध्ययुगात भिंत घालून बंदिस्त केलेला हा मळा, सुमारे पन्नास हेक्टर, सगळाच्या सगळा ग्राँ क्रू. फ्रेंच क्रांतीत तो मठाकडून गेला, पुढे विकला गेला, वाटण्या झाल्या. आज त्याच्या सातबाऱ्यावर ऐंशीच्या आसपास नावं आहेत म्हणा ना! वरच्या अंगाला, जुन्या वास्तूजवळ, निचरा चांगला. खाली मोठ्या रस्त्याकडे जमीन भारी आणि ओलसर. कुणी मन लावून पिकवतो, कुणी नावावर जगतो. सगळ्यांच्या लेबलवर मात्र तेच नाव आणि तोच ग्राँ क्रू. म्हणून 'मी क्लो द वुजो प्यायलो' असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो: कुणाची?

माझी सवय सांगतो. मी आधी पिकवणाऱ्याचं नाव बघतो, मग गाव, मग मळा, आणि वर्ष शेवटी. चांगल्या हातची साधी बुर्गोन्य मी आळशी हातच्या ग्राँ क्रूच्या आधी उचलतो. स्वतःच्या द्राक्षांची वाइन स्वतः भरणारा तो दोमेन. इतरांची द्राक्षं किंवा वाइन घेऊन आपल्या नावाने विकणारा तो नेगोसियाँ. नेगोसियाँ म्हटलं की नाक मुरडायची एक फॅशन आहे, ती नवशिक्यांनी उचलू नये. बूशार पेर ए फिस १७३१ पासून आहे. लुई जादो आणि जोझेफ द्रुआँ यांच्याकडे स्वतःचे उत्तम मळेही आहेत.

'रूम टेम्परेचर'

युरोपातल्या जुन्या दगडी घरांत, हीटर नसताना, खोलीचं तापमान सोळा-सतरा अंशांच्या आसपास असायचं. सल्ला तिथला. तो मे महिन्यातल्या कोथरूडमध्ये जसाच्या तसा लावायचा नसतो.

माझ्या मावसभावाने काकांच्या सत्तरीसाठी इथून व्होल्ने गावची एक लाल प्रमिए क्रू नेली. जपून नेली, कपड्यांत गुंडाळून. घरी गेल्यावर ठेवली कुठे, तर फ्रिजच्या डोक्यावर. खाली मोटरची ऊब, वर छत, आणि मधे आख्खा उन्हाळा. जूनमध्ये मी गेलो तेव्हा वाढदिवस होता. बाटली पाहिली तर बूच वेष्टणाला आतून रेटत वर आलेलं, कडेला चिकट ओघळ. मी म्हटलं, "अरे, ही गेली." वहिनी म्हणाल्या, "भावजी, उघडा तरी." उघडली. वास मोरावळ्याचा, चव उकडलेल्या मनुकांची. व्होल्नेमध्ये जी नाजूक फुलांची झुळूक असते तिचा मागमूस नाही. मावसभाऊ तरीही म्हणतोय, "दादा, पण पुस्तकात रूम टेम्परेचर लिहिलंय!" काका बिचारे दोन घोट घेऊन 'छान आहे' म्हणाले आणि ताकाकडे वळले.

बाटली बारा ते चौदा अंशांत, अंधारात, आडवी आणि हलवाहलव न करता ठेवायची. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर महागडी बरगंडी साठवायच्या फंदात पडू नका. आणा आणि प्या. तोवर साध्या फ्रिजचा खालचा कप्पा चालेल, काही आठवड्यांसाठी. कपाट, माळा, स्वयंपाकघराचा ओटा चालणार नाही.

देताना लाल बरगंडी चौदा ते सोळा अंशांवर द्यावी. खोलीत तीस अंश असतील तर मी बाटली दीडेक तास फ्रिजमध्ये ठेवतो. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी, दोन्ही, दहा-पंधरा मिनिटं. नुसता बर्फ बाटलीला धड लागत नाही. ग्लासात पडल्यावर ती गरम होणारच आहे, तेव्हा किंचित थंड द्यायला घाबरू नका. गरम पिनो न्वारमध्ये फक्त अल्कोहोल नाकात जातं.

पांढरीच्या बाबतीत उलटी चूक होते. मर्सो किंवा प्युलिन्यी फ्रिजमधून काढून चार-पाच अंशांवर ओतली तर थंडपणाशिवाय काहीच कळत नाही. बारा-तेरापर्यंत येऊ द्या.

आणखी काही, थोडक्यात

जुनी लाल बरगंडी डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतून तासभर ठेवू नका. तिचा सुगंध नाजूक असतो, तेवढ्यात उडून जातो. मी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवतो म्हणजे गाळ तळाला बसतो, आणि हळूच थेट ग्लासात ओततो. बाटलीच्या तोंडाला लावायची ती हवा भरणारी यंत्रं माझ्या घरात येणार नाहीत. तरुण वाइन घट्ट लागली तर ग्लासात अर्धा तास थांबा. अर्धा तास!

ग्लास मोठ्या पोटाचा घ्या आणि एक-तृतीयांशच भरा. काठोकाठ भरलेल्या ग्लासात वासाला जागाच उरत नाही.

बसण्याआधी उदबत्ती विझवा. अत्तर लावून येणाऱ्याला दूर बसवा.

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो खराब बुचामुळे वाइनला लागलेला दोष आहे, 'मातीचा अस्सल गंध' नव्हे. परत करा, लाजू नका.

कोणत्या वर्षाची वाइन किती चांगली हे आकड्यांत सांगणाऱ्या तक्त्याला गीता मानू नका. २०२१ मध्ये एप्रिलच्या गोठवणाऱ्या दहिवराने पीक बुडालं, वाइन हलक्या झाल्या, आणि लोकांनी नाकं मुरडली. मला त्यातल्या कित्येक आवडतात, लवकर पिता येतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर मोंराशेत इतकी हानी झाली, की सात दोमेनांनी उरलीसुरली द्राक्षं एकत्र करून वाइन केली. तक्त्यातल्या एका आकड्यात यातलं काही दिसत नाही.

जेवणाचं म्हणाल, तर तिखटाशी पिनो न्वारला झुंजवू नका. पापलेट नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर परतलं असेल तर शाब्ली, म्हणजे उत्तर बरगंडीची पांढरी, सुरेख जाते. मालवणी मसाला आला की मी बिअर काढतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. लालसाठी भाजलेली कोंबडी, अळिंबी, कॉन्ते चीज.

जुन्या वर्षाची दुर्मिळ बाटली स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात दोमेन पोंसोच्या नावाने १९४५ ते १९७१ या काळातल्या क्लो सँ-दनी या ग्राँ क्रूच्या बाटल्या आल्या. त्या दोमेनचा लोराँ पोंसो स्वतः तिथे पोहोचला, कारण त्याच्या घराने क्लो सँ-दनी करायला सुरुवातच मुळी १९८२ मध्ये केली होती. बाटल्या मागे घेतल्या गेल्या. त्या बाटल्या लिलावाला देणारा रूडी कुर्नियावान २०१३ मध्ये दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. फसलेल्यांत मोठमोठे संग्राहक होते. आणि आपल्याला व्हॉट्सअॅपवर 'काकांच्या तळघरातली' १९५९ ची मिळते!

इकडे येणार असाल तर दोमेनला आधी ईमेल करून वेळ घ्या. बारा ते दोन सगळं बंद असतं, रविवारी बहुतेक कुणी भेटत नाही, आणि सप्टेंबरात तोडणी चालू असताना दार वाजवणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते मी शेजारी उभं राहून पाहिलंय. बऱ्याच तळघरांत आधी लाल आणि मग पांढरी चाखायला देतात. 'उलटं झालं' म्हणून यजमानाला शिकवू नका. चाखून थुंकायचं असतं, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. सगळे घोट गिळणारा पाहुणा चौथ्या पिंपाशी मोठ्याने बोलायला लागतो. आणि तळघरात तास घालवून, आठ वाइन चाखून, एकही बाटली न घेता निघू नका. निदान दोन बुर्गोन्य घ्या. त्या घरी नेऊन फ्रिजच्या आत ठेवा, डोक्यावर नको.