शेवटच्या आजारपणात मानसतज्ज्ञाची मदत घेताय? या चुका टाळा

"मॅडम, बाबांना कॅन्सरचं काही माहीत नाही हं. त्यांना फक्त जरा जेवायला लावा." खोलीच्या दाराशी, हलक्या आवाजात, मुलगा सांगतो. आत गेलं की बाबा दार लोटून घ्यायला लावतात. "पोराला सांगू नका मला कळलंय म्हणून. खचेल तो."

हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या काळात काळजी घेणाऱ्या ठिकाणी, काम करणाऱ्या मानसतज्ज्ञाला हा प्रसंग नवा नसतो. पहिली चूक इथेच होते: घरचे त्यांना समजूत घालायला बोलावतात. 'खायला सांगा', 'हिंमत द्या', 'रडू देऊ नका'. खरं काम दारातल्या त्या मुलापासून सुरू होतं. बाबांना कळलं तर नेमकं काय होईल असं त्याला वाटतंय? मग बाबांना विचारायचं, आजाराबद्दल त्यांचा काय अंदाज आहे आणि अजून किती जाणून घ्यायचंय. काहींना खरंच नको असतं, तेही मानायचं. पण दोघांनाही ठाऊक असेल तर त्यांच्या संमतीने एकत्र बसवावं. कधी पहिला प्रश्न बँकेच्या पासबुकाचा निघतो, कधी गावच्या जमिनीचा.

दुसरी चूक उशिराची. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ साली सुरू झालं, तरी 'हॉस्पिस म्हणजे आता संपलं' हा समज सुटत नाही, आणि मानसतज्ज्ञाला तर त्याहून उशिरा हाक जाते. कॅनडातले सायकियाट्रिस्ट हार्वे चोचिनोव यांनी 'डिग्निटी थेरपी' आणली. त्यात रुग्णाच्या आयुष्याबद्दल, माणसांना काय सांगून जायचंय याबद्दल गप्पा रेकॉर्ड करतात, उतरवून नीट करतात, त्याला वाचून दाखवतात आणि मग तो मजकूर तो हवा त्याला देतो. यासाठी बोलायचं त्राण लागतं. दिवसभर ग्लानीत असलेल्या माणसाशी हे कसं करणार?

तिसरी चूक घातक ठरू शकते. आजी रात्री अचानक बरळायला लागल्या, कपडे ओढतात, भिंतीवर माणसं दिसतात, घरचे म्हणतात, "मनावर घेतलंय, काउन्सेलिंग करा." हा बहुधा डिलिरियम असतो, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक आलेला मेंदूचा गोंधळ. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, सोडियमची गडबड, एखादं औषध, अशी कारणं आधी डॉक्टर-नर्सने तपासायची. चांगला मानसतज्ज्ञ स्वतःच सांगेल, हे माझं नाही. औषधंही तो लिहून देत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे सायकियाट्रिस्टचं काम. ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

नैराश्य ओळखताना भूक आणि झोप यांवर भिस्त ठेवू नका. ती आजारानेच गेलेली असतात. नातवंड आलं तरी चेहरा खुलत नाही, 'मी सगळ्यांवर ओझं झालोय' हे पालुपद सुटत नाही, सारखी अपराधी भावना आहे, तर सांगा. 'या अवस्थेत उदास असणारच' म्हणून सोडून देऊ नका, उपचार होतात.

एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या मृत्यूला सामोरं जाण्याच्या पाच अवस्था (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) हा काही शाळेचा प्रगतिपुस्तकी तक्ता नाही. "अजून स्वीकाराच्या पायरीवर आले नाहीत का?" असं विचारणारे नातेवाईक असतात. माणूस सकाळी मृत्युपत्राबद्दल बोलतो आणि संध्याकाळी पुढच्या वर्षीच्या आंब्यांबद्दल. दोन्ही खरं.

मुलांना 'आजी झोपली' असं सांगू नका. लहान मूल त्यानंतर झोपायलाच घाबरू शकतं. 'आजी वारली, तिचं शरीर आता काम करत नाही, ती परत येणार नाही' हे साध्या शब्दांत सांगता येतं. कसं, ते मानसतज्ज्ञाला आधीच विचारून ठेवा.

आणि तेराव्यानंतर फाइल बंद करू नका. पाहुणे पांगल्यावर सून रात्री दोनला दचकून उठते, मॉर्फिनची वेळ झाली म्हणून. तिनेही त्याच मानसतज्ज्ञाला फोन केला तर चालतो.