मतदानाचा नियम अल्गोरिदमसारखा कसा लिहावा

‘दोन तृतीयांश बहुमताने ठराव मंजूर होईल’ हे वाक्य अपुरं आहे. दोन तृतीयांश कशाचे? सभासद 100, हजर 70, त्यातले 10 तटस्थ असं धरा. एकूण सभासदांवर मोजलं तर 67 मतं लागतात, हजर असलेल्यांवर 47 आणि प्रत्यक्ष मत देणाऱ्यांवर 40. वाद इथेच पेटतो, म्हणून आधी हा पाया नावानिशी ठरवा.

मग क्रम लिहा: गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) तपासा, नसेल तर थांबा. बाद मतं वगळा. होकार मोजा. 3 × होकार ≥ 2 × पाया असेल तरच ठराव मंजूर.

दशांश टाळाच. 0.66 लिहिलंत तर 100 पैकी 66 मतांवर ठराव मंजूर होऊन जातो, जो खरं तर पडायला हवा. ‘किमान’ की ‘पेक्षा जास्त’ हेही स्पष्ट हवं: साध्या बहुमतात 30-30 झाले की सगळा निकाल त्या एका शब्दावर ठरतो.

आणि सगळेच तटस्थ राहिले तर? पाया ‘प्रत्यक्ष मत देणारे’ असेल तर तो शून्य, 0 ≥ 0 खरं, ठराव मंजूर! म्हणून ‘होकार किमान 1’ ही अट जोडा.