टिप मिळेल, पण आधी पगार विचारून घे

गेल्या महिन्यात भाचीचा बांद्याहून फोन आला. बारावी झाली आहे, पेडण्याकडच्या एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगला मुली घेतायत म्हणे. "मावशे, पगार अकरा हजार सांगतत, पण टिपचे आठ-धा हजार सुटतत म्हणे. म्हणजे वीस झाले. जाव काय?"

मी तिला म्हटलं, अकराच धर. पुढचा तासभर तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्याकडून दर सीझनला कितीतरी मुलं-मुली मोरजी, आश्वे, कळंगुट, कांदोळीला याच हिशोबावर येतात.

मी २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये कंत्राटदारामार्फत रूम अटेंडंट म्हणून लागले. हातात ६,८०० रुपये यायचे. आज मी फ्लोअर सुपरवायझर आहे, चार रिसॉर्ट बघून झाली आहेत. काम मला आवडतं, आणि ते हलकं आहे असं कोणी म्हटलं तर मला राग येतो. एका शिफ्टला बारा ते सोळा रूम असतात. पाहुणा राहत असेल ती रूम वीस-पंचवीस मिनिटांत व्हायला हवी, चेकआऊट झालेलीला पाऊण तास. समुद्राकाठच्या रिसॉर्टमध्ये त्यात वाळू येते. गादीत, सोफ्याच्या फटीत, बाथरूमच्या जाळीत, सगळीकडे वाळू. टॉवेलवर सनस्क्रीनचे पिवळे डाग, ते लाँड्रीत लगेच गेले नाहीत तर निघत नाहीत. पहिल्या आठवड्यात कंबर धरते. गादीचा कोपरा उचलताना वाकू नका, गुडघे मोडून बसा आणि मग उचला. मला हे दोन महिन्यांनी एका ओडिशाच्या दादाने शिकवलं, तोवर रोज रात्री बाम लावून झोपत होते. आणि आर-सहाची बाटली, म्हणजे कमोडचं केमिकल, ती आम्लाची असते. ब्लीचबरोबर ती कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. हातमोजे दिले नाहीत तर मागा, स्वतःच्या पैशाने आणू नका.

आता टिप.

हॉटेलात टिप मिळते ती दिसणाऱ्या माणसाला. वेटर समोर उभा असतो, बेलबॉय बॅगा गाडीत ठेवून दोन सेकंद थांबतो. आपण रूममध्ये शिरतो तेव्हा पाहुणा बीचवर असतो. आपलं काम चोख झालं तर आपण आलो होतो हेही त्याला कळत नाही. शिवाय बरेचजण जायच्या दिवशी एकदम पैसे ठेवून जातात. पाच दिवस रूम मी केलेली असते, सहाव्या दिवशी माझी सुट्टी असते, आणि पाकीट त्या दिवशीच्या मुलीला मिळतं. त्यात तिची चूक काहीच नाही. अशी माझी पाकिटं गेली, तशी दुसऱ्यांची मला मिळालीही. मला विचाराल तर टिप मजल्यावर एकत्र करून, वहीत सह्या घेऊन, आठवड्याला वाटावी. लाँड्रीतली बाई आणि पब्लिक एरियाचा मुलगा यांना पाहुणा आयुष्यात भेटत नाही, पण चादर त्यांच्याच हातून आलेली असते. मी सुपरवायझर झाल्यावर माझ्या मजल्यावर हे सुरू केलं. दोघीजणी माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. तरीही मी ते चालू ठेवलं.

रूममध्ये पैसे दिसले म्हणजे ते टिपच असं धरू नका, आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण इथे नोकऱ्या जातात. माझ्या पहिल्या आठवड्यात साइड टेबलावर पाचशेची नोट होती, ग्लासाखाली दाबलेली. पाहुण्याचं सामान अजून रूममध्येच होतं. मी हात पुढे केला आणि मागून आमच्या मजल्यावरच्या जुन्या काकी, बारा वर्षं त्याच कामात, दारातूनच म्हणाल्या, "गो चेडवा, हात लावू नको हां! चिठी आसा?" चिठ्ठी नव्हती. नोट तशीच ठेवून मी टेबल तिच्याभोवतीने पुसलं. संध्याकाळी पाहुण्याने तीच नोट टॅक्सीवाल्याला दिली.

तेव्हापासूनचा नियम असा. पैशांबरोबर हाउसकीपिंगसाठी आहेत असं लिहिलेली चिठ्ठी असेल किंवा रिसॉर्टचं टिपचं पाकीट असेल तरच घ्यायचे, चिठ्ठी जपून ठेवायची आणि त्याच दिवशी सुपरवायझरला सांगायचं. चेकआऊट रूममध्ये नुसते पैसे सापडले तर लॉस्ट अँड फाउंडच्या रजिस्टरला नोंद करायची. काम करताना दार उघडं, ट्रॉली दारात आडवी. पाहुण्याच्या पँटचे खिसे चाचपायचे नाहीत, घडी घालतानाही. कुणाचं काही हरवलं की पहिलं बोट आपल्याकडेच येतं. एका रिसॉर्टमध्ये माझ्याबरोबरच्या मुलीला अंगठीवरून तीन तास ऑफिसात उभं केलं होतं. अंगठी पाहुणीच्या टॉयलेट बॅगेत सापडली. माफी कोणी मागितली नाही. तिने पुढच्या महिन्यात काम सोडलं.

टिपचं दुसरं असं की ती ऋतूवर चालते. ऑक्टोबर ते मार्च गोव्यात गर्दी, ख्रिसमस ते एक जानेवारी तर श्वास घ्यायला वेळ नाही. एका डिसेंबरला मला ३,९०० रुपये टिप झाली होती, आणि मी गावी फोन करून आईला सांगितलं की आता दर महिन्याला चार हजार जास्त पाठवीन. पुढच्या जूनमध्ये टिप झाली १५० रुपये. आईने त्या चार हजारांवर गावच्या पतपेढीत हप्ता लावून घेतला होता. तो हप्ता फेडायला मी जून ते सप्टेंबर लाँड्रीत डबल ड्युटी केली. पावसाळ्यात सीझनवाल्यांना घरीच पाठवतात, मला निदान ठेवून घेतलं.

परदेशी नाण्यांचं तर कुणी सांगतच नाही. इंग्लंडचे पाहुणे जाताना पाऊंडची नाणी ठेवत. मनी चेंजर नोटा घेतो, नाणी घेत नाही. मी ती बिस्किटाच्या डब्यात साठवली, कधीतरी कुणी इंग्लंडला जाणारं भेटेल म्हणून. १५ ऑक्टोबर २०१७ ला तिकडे जुनं गोल पाऊंडाचं नाणंच चलनातून गेलं. डबा अजून माझ्याकडे आहे. युक्ती एकच, दुसरा पाहुणा असेल त्याला रिसेप्शनमार्फत विचारायचं की नाणी घेऊन नोट द्याल का. आणि नोटबंदीचा सीझन आठवला की अजून पोटात खड्डा पडतो. ८ नोव्हेंबर २०१६, ऐन सुरुवात. पाहुण्यांकडेच सुटे पैसे नव्हते, आम्हाला कुठून मिळणार. एका कुटुंबाने जाताना पाकिटात जुन्या पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या, मनापासूनच ठेवल्या असतील. त्या बदलायला मी बँकेच्या रांगेत उभी राहिले आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. आता यूपीआयमुळे रोख बाळगणारे आणखी कमी झाले आहेत. स्वतःचा क्यूआर कोड रूममध्ये ठेवायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. मोह होतो, पण ठेवू नका.

म्हणून मुलाखतीला "टिप धरून इतके" असं कुणी म्हणालं की तिथेच थांबवायचं आणि विचारायचं, टिप सोडून किती? त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती? कापून हातात किती? भाचीला मी हा हिशोब कागदावर लिहायला लावला. बेसिक १२,००० असेल तर पीएफचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे, १२ टक्के म्हणजे १,४४० तुझे कापले जातात आणि तेवढेच मालकाने भरायचे असतात, त्यातले साधारण १,००० पेन्शनला जातात. ईएसआयला, म्हणजे सरकारच्या कामगार विम्याला, तुझे ०.७५ टक्के म्हणजे ९० रुपये, मालकाचे ३.२५ टक्के. नव्वद रुपयांत आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार. अट ही की सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ठरावीक दिवस भरलेले हवेत. पाच वर्षं एका ठिकाणी काढली तर नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तो १२,००० भागिले २६ गुणिले १५ असा काढतात. वर्षाचे ६,९२३, पाच वर्षांचे साधारण ३४,६००. टिपेतलं यात काहीच धरत नाहीत. कर्ज घ्यायला गेलात तर बँकही पगाराची स्लिप बघते, पाकिटं बघत नाही.

मी लागले तेव्हा "पीएफ नको, हातात जास्त द्या" म्हणणाऱ्यांतलीच होते. कंत्राटदार कापतच होता, पण भरत नव्हता. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, आल्यावर एका सुट्टीला मोबाइलवर पासबुक उघडलं तर अठरा महिन्यांपैकी चार महिने भरलेले. अक्षरशः रडू आलं. आम्ही नऊजणींनी स्लिपांच्या झेरॉक्स जोडून रिसॉर्टच्या एचआरला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. कंत्राटदाराने बुडवलं तर जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे रिसॉर्टवर, येते. एचआरच्या बाईंना ते आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चार महिन्यांत सगळे भरले गेले. त्या पोचेशिवाय काही झालं नसतं असं मला वाटतं, म्हणून तोंडी तक्रार करून घरी येऊ नका. आता सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक दिसतं, दर महिन्याला बघा.

मार्च २०२० ला लॉकडाऊन झालं, रिसॉर्ट एका दिवसात रिकामं झालं, ट्रॉल्या रांगेत लावून आम्ही कुलूप घातलं. टिप शून्य, पगारही थांबला. तेव्हा सरकारने पीएफमधून न परत करायची रक्कम काढायला परवानगी दिली होती, शिल्लक रकमेच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचं बेसिक आणि महागाई भत्ता, जे कमी असेल ते. आमच्या घरी पावसाळ्यापर्यंत त्यावर भागलं. ज्यांचं पीएफच नव्हतं त्या मुली काजूच्या बागेत मजुरीला गेल्या.

सर्व्हिस चार्जचंही मुलाखतीत विचारा. पूर्वी बऱ्याच ठिकाणी तो बिलात लागायचा आणि पॉइंटांप्रमाणे वाटला जायचा. वेटरला जास्त, हाउसकीपिंगला कमी, कंत्राटवाल्यांना काहीच नाही. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सूचना काढल्या की तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. पाहुण्याच्या बाजूने ते योग्यच आहे. पण जिथे आमच्या पगाराची उणीव त्या पैशाने भरून निघत होती, तिथे पगार वाढवायला हवा होता. तो किती ठिकाणी वाढला, हे मजल्यावर काम करणाऱ्यांना विचारा.

ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो. "रूम संपेपर्यंत थांब" हा ओव्हरटाइमच, वेळ स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. युनिफॉर्म, मेस, खोली यांचं किती कापणार ते आधी विचारा, अकराचे नऊ तिथेच होतात. आणि नेमणूकपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यांत ते प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. "सोमवारी देतो" म्हणणाऱ्याकडे सोमवारीच जा.

कुणी त्रास दिला, पाहुणा असो की स्टाफ, तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं कुठे लावली आहेत ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. तक्रार तीन महिन्यांच्या आत. पाहुणा टॉवेल गुंडाळून दार उघडतो आणि "आत ये, रूम कर" म्हणतो तेव्हा ट्रॉली मागे घेऊन "नंतर येते" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यावरून माझ्या मजल्यावर कुणाला बोलणी बसलेली नाहीत आणि बसणार नाहीत.

भाचीने दुसऱ्या दिवशी त्या माणसाला हे सगळं विचारलं. त्याने फोन ठेवला. मग तिला दुसरीकडे काम मिळालं, तिथे टिपची बात नाही, बेसिक १२,४०० आणि बुधवारी सुट्टी, कागदावर. एकच गोष्ट आम्ही दोघीही विसरलो. संध्याकाळची शिफ्ट रात्री अकराला सुटते आणि तेव्हा बांद्याला यायला बस नाही. आता ती एचआरकडे गाडीसाठी अर्ज करते आहे, तिच्याबरोबर त्याच बाजूच्या आणखी तिघी आहेत. तुम्ही मात्र हे पहिल्याच भेटीत विचारा.