रीफ टाकीखाली संप बसवायचाय? आधी लाईट गेल्यावर पाणी कुठे जाणार ते बघा

संप म्हटलं की आमच्या देवगडात लोकांना आधी एसटीचा आठवतो, मग घराखालची पाण्याची टाकी. इथे बोलतोय तो तिसरा, रीफ टाकीच्या म्हणजे कोरल, मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या मेन टाकीखाली कपाटात बसणारी दुसरी काचेची टाकी. वरचं पाणी पायपातून खाली येतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर ढकलतो, एवढंच. फायदा काय तर एकूण पाणी वाढतं, स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण वर काढून कपात जमवणारं यंत्र), हीटर वगैरे सगळा पसारा खाली लपतो, वरच्या पाण्यावरचा तेलकट तवंग आपोआप खाली ओढला जातो आणि वरची पाण्याची पातळी कायम एकाच रेघेवर राहते.

पण माझा पहिला संप बसला आणि दोन महिन्यांत जूनच्या पहिल्या वादळी पावसात रात्री लाईट गेली, मी झोपलेला, आणि सकाळी आई उठली तर हॉलमध्ये पाणी, सोफ्याखाली पाणी, चटई चिंब, आणि सगळं खारट. आईचं पहिलं वाक्य, "समुद्र घरात हाडलंस तो हाडलंस, आता व्हाळ पण हाडतलंस काय?" म्हणजे समुद्र आणलास तो आणलास, आता ओढा पण आणणार काय.

झालं काय होतं ते सांगतो कारण सगळं गणित त्यातच आहे. माझी वरची टाकी ३६ बाय १८ बाय १८ इंच, म्हणजे साधारण १९० लिटर. ह्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. मी रिटर्न पायपाचं, म्हणजे पंपाचं पाणी परत वर नेणाऱ्या पायपाचं, तोंड हौसेने चार इंच पाण्यात बुडवलेलं. पंप बंद पडला की तोच पाईप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहतो, म्हणजे चार इंच, ४२ लिटर. खाली संप म्हणून ठेवलेली जुनी दोन फुटी टाकी, तिच्यात मोकळी जागा जेमतेम २४ लिटर. राहिलेलं बादलीभर पाणी आईच्या चटईवर.

म्हणून कोकणात संप बांधायचा तर लाईट जाणारच हे धरून बांधायचा. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते ज्यांनी काढलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर माप. स्टँडच्या आत मावेल तेवढा मोठा संप घ्या, लहान घेऊन कोणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. माझा आता ३० बाय १५ बाय १६ उंच आहे, ६ मिमी काच. ह्यात एक इंच म्हणजे ७.४ लिटर. चालू असताना खाने पाडणाऱ्या आतल्या काचांपर्यंत दहा इंच पाणी असतं, वर सहा इंच रिकामे, म्हणजे ४४ लिटर जागा, शिवाय पंपाच्या खान्यात थोडी. लाईट गेल्यावर वरून दीड इंच उतरतं, पायपातलं धरून २० लिटर. आरामात मावतं. तुमच्या टाकीचं हेच गणित आधी कागदावर करा, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले हजार म्हणजे लिटर, आणि मगच काचवाल्याकडे जा. स्टँडच्या दाराचं माप घ्यायला विसरू नका, आणि संपाच्या वर फूटभर तरी जागा ठेवा नाहीतर स्किमरचा कप काढताना रोज हात सोलून निघतो. स्टँड मी चिऱ्याचा केलाय, वर कडप्पा, कारण पाणी, काच, दगड मिळून वजन ३०० किलोच्या वर जातं आणि लोखंड आमच्या हवेत नुसतंही गंजतं, त्यात वर मिठाचे शिंतोडे. प्लायचं करणार असाल तर मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा सील करा.

आतले खाने. माझ्या ३० इंचात पहिले १२ इंच स्किमर आणि फिल्टर सॉकला (पाणी गाळायची कापडी पिशवी), पुढे ७ इंच चेटो नावाच्या शेवाळाला, ३ इंच बुडबुडे अडवायला आणि ८ इंच रिटर्न पंपाला. बुडबुड्यांच्या जागी तीन काचा लागतात, पहिलीवरून पाणी पडतं, दुसरी तळापासून एक इंच वर उचललेली असते म्हणून पाणी तिच्याखालून जातं, तिसरीवरून परत वर येऊन पंपाकडे. काचांमध्ये इंच-दीड इंच अंतर पुरतं. पहिल्या काचेची उंची स्किमरवर ठरवा, प्रत्येक स्किमर किती खोल पाण्यात उभा राहायला हवा ते त्याच्या कागदावर असतं, माझ्याला आठ इंच लागतात म्हणून दहा इंच पाण्यात तो दोन इंच उंच फळीवर उभा आहे. सिलिकॉन साधं, बुरशीरोधक लिहिलेलं अजिबात नको, त्यातलं औषध माशांना विष आहे. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो तो निदान आठवडाभर जाऊ द्या. मग संप अंगणात ठेवून साध्या पाण्याने काठोकाठ भरा आणि एक रात्र बघा.

ओव्हरफ्लो, म्हणजे वरचं पाणी खाली उतरायची वाट. काचेच्या काठावर टांगायचे सायफनवाले बॉक्स मिळतात ते नको, लाईट आल्यावर सायफन परत धरला नाही तर पंप खालचं पाणी वर ढकलत बसतो आणि ह्या वेळी वरची टाकी सांडते. टाकीला भोकच पाडा. टफन काच असेल तर विचार सोडा, ती ड्रिल लागताक्षणी चुरा होते. साध्या काचेला डायमंड होल सॉ, वरून पाण्याची धार, आणि दाबायचं नाही, ड्रिलचं वजन पुरतं. हात थरथरत असेल तर काचवाल्याला द्या, मी दिलं. आधी भोकात बसवून पाईप जोडायचा कनेक्टर विकत घ्या आणि भोकाचं माप त्यावरून, उलटं नाही.

ड्रेनला दोन पाईप ठेवा, एक इंची. हौशी लोक ह्या पद्धतीला हर्बी म्हणतात. एका पायपाला व्हॉल्व, तो पूर्ण पाण्याने भरून बिनआवाज वाहतो, दुसरा जरा उंच, बिनव्हॉल्वचा, एरवी कोरडा. पहिल्यात गोगलगाय अडकली की दुसरा सगळं पाणी घेतो, आणि गोगलगाय अडकतेच. दुकानात गेटव्हॉल्व मागितला की हातात पितळी देतात, तो परत करा, पितळेत तांबं असतं आणि कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळे तांब्याने मरतात. मी पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व लावलाय, जुळवताना वैताग येतो कारण केसभर फिरवला की वर घळघळ सुरू होते नाहीतर दुसऱ्या पायपातून पाणी जायला लागतं, पण एकदा जुळला की हात लावायचा नाही. सोल्युशनने चिकटवण्याआधी सगळे एल्बो, टी कोरडे जोडून बघा, आणि पंपाजवळ युनियन (फिरवून सुटा करता येणारा जोड) टाका म्हणजे पुढे साफ करायला पाईप कापावा लागत नाही.

रिटर्न पंप. संपातून तासाला वरच्या टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं की बास, कोरलना जो जोराचा प्रवाह लागतो तो वर वेव्हमेकरने, म्हणजे टाकीतच पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाने द्यायचा. बॉक्सवर २००० लिटर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीला, पाच फूट वर चढवलं की निम्मंही राहत नाही, तेव्हा उंचीचा तक्ता बघून घ्या. डीसी पंप महाग पडतो पण तापतो कमी, आवाज कमी आणि बॅटरीवर चालवता येतो. आता माझ्या चटईचा धडा: पायपाचं तोंड पाण्याच्या जेमतेम खाली ठेवा, आणि पायपाला पाण्याच्या रेघेच्या किंचित खाली ४ मिमीचं भोक पाडा, पाणी उतरलं की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक दर महिन्याला टूथपिकने साफ करायचं. उलटं येणारं पाणी अडवणाऱ्या चेकव्हॉल्ववर विसंबू नका, चुन्याचा थर बसला की तो अर्धवट उघडा राहतो.

सॉक २०० मायक्रॉनचा, तीन-चार दिवसांनी बदला. चेटो म्हणजे गुंतलेल्या हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यासारखं शेवाळ, ते नायट्रेट, फॉस्फेट खातं. त्याचा दिवा रात्री लावा, वरचा बंद असताना, म्हणजे पीएच रात्री फार उतरत नाही. संपात टाकायला म्हणून किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, कडक प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोरडा दगड विकत मिळतो.

बाष्पीभवन झालं की पाणी कमी होतं फक्त पंपाच्या खान्यात, हे लक्षात ठेवा. माझ्या त्या खान्यात इंच म्हणजे दोन लिटर, मे महिन्यात पंखा लावून दिवसाला तीन लिटर उडतं, मग दोन दिवस दुर्लक्ष केलं की पंप हवा ओढतो आणि वर सगळी टाकी सोडावॉटर. म्हणून २० लिटरचा कॅन वर ठेवून त्यातून आरओच्या फ्लोट व्हॉल्वने पाणी सोडलंय. पाणी गोडं, मीठ उडून जात नाही. आणि आरओनंतर उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लावून टीडीएस शून्य केलेलं, बोअरिंगचं लाल पाणी नको. कॅन मुद्दाम २० चाच: व्हॉल्व अडकून सगळा रिकामा झाला तरी माझ्या २३० लिटरमध्ये क्षार हजारी ३५ वरून ३२ वर येतात, वाईट पण कोणी मरत नाही. त्याच रात्री लाईट गेली तरी ४० लिटर संपात मावतं, हे मी मोजलंय.

पंखा संपावरच लावा, पण आमच्या दमट हवेत त्याच्याकडून दोन अंशांच्या वर अपेक्षा ठेवू नका. वायर आधी खाली लोंबू द्या मग वर बोर्डात न्या म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटमध्ये शिरत नाही. ३० मिलीअँपचा ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) लावल्याशिवाय हात पाण्यात घालूच नका.

समुद्राचं पाणी वापरणार असाल तर ते हिवाळ्यात, भरतीला, खाडीच्या तोंडापासून लांब, होडीवाल्याला सांगून आतलं आणा. पावसाळ्यात गोडं पाणी आणि गाळ मिसळतो, तेव्हा पाकिटातलं मीठ बरं. कसंही असो, क्षार मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२६ बघूनच टाका.

खारं पाणी भरण्याआधी चाचणी साध्या पाण्यावर घ्या. सगळं चालू करा, पाणी स्थिर झालं की संपावर मार्करने रेघ. मग मेन स्विच बंद, उतरायचं तेवढं उतरू द्या, दुसरी रेघ. परत चालू, परत बंद, मी सात-आठ वेळा केलं, आई म्हणाली लाईट काय कमी जाते म्हणून तू पण घालवतोस. पहिल्या रेघेच्या वर कधीही भरायचं नाही.

आणि स्किमर वेगळ्या टायमरवर ठेवा, पंपानंतर दहा मिनिटांनी चालू होणारा. लाईट आल्या क्षणी संपाची पातळी अजून वरच असते, त्यात स्किमर सुरू झाला की कपातली आठवड्याची काळी घाण उकळल्यासारखी वर येऊन परत पाण्यात सांडते. तो वास चटईला लागला तर मग आईला सांगायला माझ्याकडे पाठवू नका.