एम१० चालतो, एम२० मोडतो: बोल्टची फॅमिली करताना या चुका टाळा

एम१० चा (म्हणजे १० मिमी व्यासाचा) एक षट्कोनी बोल्ट सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जमला की पुढचा मोह ठरलेलाच: व्यास बदलत जायचं आणि एकाच मॉडेलमधून एम६ ते एम२४ अख्खी फॅमिली काढायची. घोळ इथूनच सुरू होतो.

डिप्लोमाच्या शीटवर डोक्याची रुंदी आपण सगळ्यांनीच ‘दीड डी अधिक ३’ (डी म्हणजे व्यास) धरून काढली आहे. ते सूत्र इक्वेशनमध्ये टाकू नका. एम१२ ला त्याने २१ मिमी येतात, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हवेत १८. एम१६ ला २७ येतात, हवेत २४. डोक्याची रुंदी आणि उंची सरळ डिझाइन टेबलमध्ये (दर साइझला एक ओळ असलेल्या तक्त्यात) आकडे म्हणून भरा. मानक कोणतं, तेही तिथेच लिहा, कारण डिन या जुन्या जर्मन मानकात एम१२ चं डोकं १९ चं आहे. मी एकदा फिक्स्चरमध्ये (काम पकडून ठेवायच्या साधनात) डोकं बसायची खाच १८ च्या हिशेबाने दिली आणि स्टोअरमधून बोल्ट आले १९ चे. खाच घासत बसलेल्या फिटरने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आट्यांची लांबी मात्र सूत्राने काढता येते: बोल्ट १२५ मिमीपर्यंतचा असेल तर व्यासाची दुप्पट अधिक ६. आता एम२० चा ४० मिमी लांब बोल्ट करून बघा. आटे आले ४६, बोल्टच ४० चा! बिनआट्याचा भाग उणे ६, आणि फीचर ट्रीवर लाल खुणा. अशा आखूड बोल्टला मानकातही पूर्ण आटेच असतात. म्हणून टेबलच्या त्या ओळींत बिनआट्याच्या भागाचं फीचर सप्रेस करा, म्हणजे त्या साइझपुरतं बंद ठेवा. डिलीट केलंत तर लांब बोल्टही गेले.

कुठलंही स्केच फिलेटच्या (गोलाई दिलेल्या कोपऱ्याच्या) कडेला बांधू नका. एखाद्या साइझला फिलेट सप्रेस झालं की ती कड नाहीशी होते आणि तिच्यावरची मापं लटकतात. ओरिजिन आणि मूळ प्लेन बरे.

एखादं माप हाताने बदलताना ‘धिस कॉन्फिगरेशन’ (फक्त हा साइझ) निवडलंय की ‘ऑल’ (सगळे साइझ), हे दर वेळी बघा. ‘ऑल’वर राहिलं तर एम८ दुरुस्त करताना एम२४ बिघडतो, आणि ते कळतं असेंब्लीत.

तपासताना एम१०, एम१२ उघडून समाधान मानू नका, ते चालणारच. सगळ्यात जाड आणि सगळ्यात आखूड बोल्ट आधी रिबिल्ड करा (मॉडेल नव्याने बनवून बघा), मग सगळ्यात बारीक आणि लांब.