मेटलर्जी लागलंय, बडोद्यात राहून पुढे काय?

जून-जुलैत ॲडमिशनचे राउंड सुरू झाले की ओळखीपाळखीतून फोन येतात, भाचीला मेटलर्जी लागलंय, घ्यावं का सोडावं, आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न, "म्हणजे ताई, तिला खाणीत उतरावं लागणार का?" नाही हो. मायनिंग ही वेगळी ब्रांच, मेटलर्जी वेगळी, गेटचे (एम.टेकच्या प्रवेश परीक्षेचे) पेपरसुद्धा वेगळे, मायनिंगचा एमएन आणि आपला एमटी. ते लोक खनिज जमिनीतून बाहेर काढतात, त्यातून धातू कसा काढायचा आणि तो धातू कुठे किती वर्षं टिकेल, टिकला नाही तर का टिकला नाही, हे आपलं काम.

मी बडोद्याचीच, शिकले कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरीही इकडेच केली, तेव्हा सांगते ते मुख्यतः इकडचं. (कलाभवन सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं आणि दादासाहेब फाळके तिथे शिकले होते, हे आमच्याकडे कुणालाही सांगायला आवडतं, मलाही.) पहिली गोष्ट म्हणजे बडोद्यात मोठा स्टील प्लांट नाही. पुस्तकात ब्लास्ट फर्नेसवर पानंच्या पानं असतात आणि मुलं तेच डोक्यात घेऊन बाहेर पडतात, मग इंटरव्ह्यूला गेल्यावर विचारतात काय तर वेल्डच्या शेजारी हार्डनेस का वाढला. कारण इकडे आहे कोयलीची रिफायनरी, खतं, पेट्रोकेमिकल, त्यांच्यासाठी प्रेशर व्हेसल (दाब सोसणाऱ्या टाक्या) आणि हीट एक्स्चेंजर बनवणारे फॅब्रिकेटर, आणि मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हीट ट्रीटमेंटवाले (धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलणारे), फाउंड्रीवाले (ओतकाम करणारे), टेस्टिंग लॅबवाले. म्हणजे गंज, वेल्डिंग, इन्स्पेक्शन, हीट ट्रीटमेंट यातच बहुतेकांची पहिली नोकरी. पगार सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या मित्रापेक्षा कमी असतो, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर दिवाळीला मामा लोकांसमोर विषय निघत नाही.

आता माझं एकच ठाम मत आहे आणि ते बऱ्याच प्रोफेसरांना पटत नाही. सिम्युलेशन, पायथन, मशीन लर्निंग सगळं शिका, पण मायक्रोस्कोपखाली बघायचा धातूचा नमुना स्वतःच्या हाताने घासायला आधी शिका. कॉलेजात मेटॅलोग्राफीचं (धातूची आतली रचना बघण्याचं) प्रॅक्टिकल म्हणजे चौघांत एक नमुना, एकजण घासतो, तिघं जर्नल उतरवतात, असं असतं. तुम्ही घासणारे व्हा. काम दिसायला अगदी कंटाळवाणं आहे, तुकडा कापायचा, बेकलाइटमध्ये माउंट करायचा, मग एमरी पेपर २२० पासून १२०० पर्यंत. दर पेपरला नमुना ९० अंशांत फिरवायचा आणि आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही, मग कापडावर डायमंड पेस्ट, धुवून, वाळवून नायटलने एच करायचं, म्हणजे ॲसिडला पृष्ठभाग किंचित खाऊ द्यायचा. नायटल म्हणजे अल्कोहोलमध्ये २ टक्के नायट्रिक ॲसिड, आणि ॲसिड अल्कोहोलमध्ये हळूहळू टाकायचं, उलटं कधीच नाही, आणि बाटली बूच घट्ट लावून महिनोन्महिने कपाटात ठेवायची नाही. काही सेकंदात चकाकी जाऊन पृष्ठभाग धुरकट झाला की थांबायचं, मग मायक्रोस्कोपखाली स्टीलच्या रचनेतले घटक, पांढरं फेराइट आणि काळपट परलाइट, दिसायला लागतात.

हे हाताने का शिकायचं तर घाईत घासलेला नमुना चक्क खोटं बोलतो. कास्ट आयर्नमधलं ग्रॅफाइट पॉलिशिंगमध्ये उपटून येतं आणि तिथे खड्डे पडतात, ते बघून नवखा माणूस रिपोर्टात पोरॉसिटी (ओतकामात राहिलेली छिद्रं) लिहून मोकळा होतो, मग फाउंड्रीवाला शेठ फोनवर जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही, आणि त्याचं बरोबर असतं. फोटोत दिसतंय ते धातूत आहे का तुमच्या घासण्यातून आलंय, हे ओळखता येणारा माणूस लॅबमध्ये मिळत नाही, मिळाला तर त्याला सोडत नाहीत.

दुसरं म्हणजे फेल्युअर, तुटलेला किंवा गळलेला भाग का गेला ते शोधणं. इकडे हे काम भरपूर येतं आणि शिकायला यासारखं दुसरं काही नाही. एकदा एका कारखान्यातून स्टेनलेस पाइपचा तुकडा आला होता, ॲसिडची लाइन होती, गळती वेल्डमध्ये नाही तर वेल्डपासून चार-पाच मिलिमीटर सोडून, दोन्ही बाजूंना. तुकडा पाठवताना त्यांनी प्रेमाने वायर ब्रश मारून, वरून रेड ऑक्साइड लावून पाठवला होता! म्हणजे पुरावा निम्मा गेलाच. (हे लक्षात ठेवा, तुटलेला भाग धुवायचा नाही, घासायचा नाही, आणि दोन तुकडे एकमेकांत बसतात का बघायला जोडून तर अजिबात बघायचे नाहीत, तुटलेल्या पृष्ठभागावरच्या बारीक खुणा तिथेच मरतात.) सर्टिफिकेटवर ३०४एल (स्टेनलेसचा एक ग्रेड) लिहिलेलं, त्यांनी पीएमआय गनने (धातूत काय काय किती आहे ते दाखवणाऱ्या यंत्राने) तपासलंही होतं, क्रोमियम १८, निकेल ८, सगळं बरोबर. पण हातातली एक्स-रेवाली गन कार्बन बघू शकत नाही, कार्बन तिच्यासाठी फार हलका आहे, आणि ३०४ व ३०४एल मधला कामाचा फरक कार्बनचाच, एल म्हटलं की जास्तीत जास्त ०.०३ टक्के. कार्बनही मोजणाऱ्या लॅबमधल्या स्पेक्ट्रोवर तुकडा ठेवला तर कार्बन ०.०६ च्या आसपास. मग बाकी गोष्ट सरळ होती, वेल्डिंग करताना शेजारचा पट्टा ४५० ते ८५० डिग्रीच्या मधून जातो, तिथे क्रोमियम कार्बनबरोबर कार्बाइड बनवून ग्रेनच्या (धातूतल्या बारीक कणांच्या) कडांना जाऊन बसतं, कडेलगतचं क्रोमियम कमी होतं आणि ॲसिड नेमकं तिथून खात जातं. ऑक्झॅलिक ॲसिडने एच केल्यावर ग्रेनभोवती खोल चर दिसले, बस. गंमत म्हणजे मीटिंगमध्ये सगळा दोष वेल्डरच्या माथी मारायची तयारी झाली होती, तो बिचारा कोपऱ्यात उभा, आणि निघालं काय तर पर्चेसने स्वस्तात आणलेला माल.

यावरून दोन कामाच्या गोष्टी. मटेरियल सर्टिफिकेट ओळीओळीने वाचायला शिका, हीट नंबर (माल भट्टीच्या कुठल्या घाण्यातला ते सांगणारा) तुकड्यावर पंच केलाय तोच आहे का बघा. आणि रिपोर्ट लिहायला शिका, पहिल्या पानावर काय झालं, कशामुळे झालं, आता काय करायचं, साध्या भाषेत, फोटोवर स्केल आणि मॅग्निफिकेशन. ज्याच्या हातात निर्णय असतो तो पान दोनच्या पुढे जात नाही.

रिसर्चचं बघायचं तर एम.टेकला गेट लागतं, स्कोअर तीन वर्षं चालतो, स्टायपेंड महिना १२,४०० रुपये. पीएचडीला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून ३७,००० अधिक एचआरए, दोन वर्षांनी तिची एसआरएफ (सीनियर) झाली की ४२,०००. विषय घेताना वेळेचा हिशोब आधी करा, कुणी हे सांगत नाही. क्रीप टेस्टमध्ये गरम धातूवर सतत ताण ठेवून तो हळूहळू किती लांबतो ते बघतात, हजार तासांची टेस्ट म्हणजे जवळपास सहा आठवडे एक मशीन अडकलं, दहा हजार तास म्हणजे वर्षाच्या वर, त्यात एकदा लाइट गेली आणि बॅकअप नसला तर राम राम. गाइड निवडताना पेपर किती छापले हे नंतर बघा, आधी त्यांच्या लॅबमधल्या सीनियरला चहाला न्या आणि विचारा, एसईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) स्लॉट किती दिवसांनी मिळतो, फर्नेस चालू आहे का नुसती शोभेला आहे. बाहेर जायचं असेल तर जमशेदपूरची एनएमएल, ॲल्युमिनियमसाठी नागपूरची जेएनएआरडीडीसी, हैदराबादची डीएमआरएल या धातूंवर संशोधन करणाऱ्या संस्थांची नावं ठाऊक हवीत, आणि जवळच गांधीनगरला प्लाझ्मा रिसर्चवाले आहेत, प्लाझ्मा नायट्रायडिंगवर (नायट्रोजनने धातूचा पृष्ठभाग कठीण करण्यावर) त्यांचं चांगलं काम आहे.

ज्यांना खरंच मायनिंग हवंय त्यांच्यासाठी थोडक्यात. पावागढच्या पलीकडे शिवराजपूरला मँगनीजच्या जुन्या खाणी, छोटा उदेपूरकडे डोलोमाइट, राजपारडीला लिग्नाइट, हे सगळं बडोद्यापासून एका दिवसात बघून येण्यासारखं आहे, बघून या आणि मग ठरवा. शिकायला धनबादचं आयआयटी-आयएसएम (१९२६ चं) किंवा नागपूरचं व्हीएनआयटी. नागपूरला आयबीएम (इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स) आणि मॉइल (मँगनीज काढणारी सरकारी कंपनी) दोन्हींची मुख्यालयं, मावशी-आत्या कुणी तिकडे असेल तर उत्तम. डिग्रीवर भागत नाही, डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) परीक्षा देऊन मॅनेजरचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्याशिवाय खाणीत जबाबदारीची पोस्ट नाही. मुलींना भूमिगत कामाची परवानगी नाही असं अजूनही लोक सांगतात, ते जुनं झालं, २०१९ पासून टेक्निकल आणि सुपरव्हायजरी कामाला ती आहे, अटींसह.

राहता राहिले एनडीटीचे, म्हणजे वस्तू न तोडता आतले दोष शोधण्याचे कोर्स. मुलं सेकंड इयरलाच पैसे भरून लेव्हल टूचे (त्यातल्या दुसऱ्या पातळीचे) चार-चार सर्टिफिकेट घेतात आणि अनुभवाचे तास नसल्यामुळे कंपनी ते मोजत नाही. आधी उन्हाळ्यात मकरपुऱ्यात एखाद्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे महिनाभर ट्रेनिंग मागा, कॉलेजचं पत्र आणि स्वतःचे सेफ्टी शूज घेऊन जा, शेठ लोक नाही म्हणत नाहीत, फक्त मार्च एंडिंगला जाऊ नका. मग नोकरी लागल्यावर कंपनीकडूनच अल्ट्रासॉनिकचा (ध्वनिलहरींनी दोष शोधण्याचा) कोर्स करा. त्यात जवळचं बारीक वाचता येतं का आणि रंग ओळखता येतात का याची तपासणी असते, चष्मा लावून वाचता आलं तरी चालतं.